आधी तिथी, मग होडी : कांदळवनातील सफरींविषयी वाचकांचे प्रश्न

नाशिकला समुद्र नाही. तो गाठायचा तर कसारा घाट उतरावा लागतो, आणि तरीही दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत खाडी, होडी आणि कॅमेरा यांची चौकशी वाढते. यंदा अशी पत्रे इतकी आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावाचा किंवा वसाहतीचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आम्ही उभयता सेवानिवृत्त असून गेली अनेक वर्षे हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहण्यास जातो. आता होडीतून कांदळवन पाहावे अशी इच्छा आहे. सगळेजण सुंदरबनचेच नाव घेतात. तेथेच जाणे आवश्यक आहे का, आणि आरक्षण करताना प्रथम काय विचारावे? (गंगापूर रोड)

आवश्यक तर नाहीच, पण पहिल्याच खेपेला सुंदरबन गाठणे मला शहाणपणाचेही वाटत नाही. कांदळवन, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातले जंगल, कसे पाहायचे हे डोळ्यांना एकदा कळले, म्हणजे मग तिकडचा दीड दिवसाचा रेल्वेप्रवास सार्थकी लागतो. आपल्याला सर्वांत जवळची जागा म्हणजे ठाणे खाडी. तिचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. राज्याच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ऐरोलीला आहे आणि होडीच्या फेऱ्या तेथूनच निघतात. नाशिकपासून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. फेरी सकाळची असेल तर मात्र आदल्या रात्री ठाण्यात मुक्काम करावा. पहाटे घाटात मालमोटारींची रांग लागली, तर होडी कुणासाठी थांबत नाही.

आता आरक्षणाविषयी. दर किती, जेवण काय, होडीला छत आहे का, हे प्रश्न आपण विचारालच. त्यांच्या आधी एकच विचारा : होडी कोणत्या भरतीला सुटणार? नांदूरमध्यमेश्वरला पाण्याची पातळी बंधाऱ्याच्या दरवाजांवर ठरते, त्यामुळे आज जो थवा जेथे दिसला तो उद्याही बहुधा तेथेच सापडतो. खाडीचे तसे नाही. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणजे भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि सकाळी सात वाजता जेथे चिखलाचे मैदान होते तेथे दुपारी एक वाजता पुरुषभर पाणी असू शकते. पूर्ण भरतीला होडी झाडांच्या शेंड्यांना लागून जाते. ते दृश्य फार सुंदर असते, पण चिखल पाण्याखाली गेल्यामुळे तुतवार, रोहित यांसारखे चिखलात चरणारे पक्षी कुठेतरी दूर विसावलेले असतात. पूर्ण ओहोटीला पक्षी समोर येतात, परंतु होडी मुख्य पात्र सोडून आत शिरू शकत नाही. सर्वांत उपयोगाची वेळ या दोहोंच्या मधली, म्हणजे ओहोटी संपून पाणी पुन्हा चढू लागते तेव्हाची. चढते पाणी चिखलावरच्या पक्ष्यांना हळूहळू काठाकडे रेटत आणते, आणि होडी रुतलीच तरी पाणी वाढत असल्यामुळे थोड्या वेळात आपोआप सुटते.

यासाठी मोबाइलवर भरतीचे कोष्टक पाहता येतेच, पण कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब मला अधिक आवडतो, कारण तो घरातल्या कालनिर्णयावर करता येतो. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराही वाजतात, आणि खाडीच्या मुखापासून जितके आत जाल तितकी भरती आणखी उशिरा पोचते. हिशेब ढोबळ आहे, तो आपल्या पश्चिम किनाऱ्यापुरताच आहे, पण सहलीचा आठवडा ठरवण्यास पुरेसा आहे. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला संपते आणि सकाळभर कोवळ्या उन्हात पाणी चढत राहते. ठाणे खाडीत रोहित साधारण नोव्हेंबर ते मे या काळात असतात. त्यातली फेब्रुवारी-मार्चमधली एखादी पौर्णिमा निवडावी. त्या दिवसांत उधाण असते, म्हणजे ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा अधिक दूर हटते आणि चिखल अधिक उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोळी भांग म्हणतात, भरती-ओहोटीतला हा फरक कमी असतो.

प्रश्न : सुंदरबनच्या तीन दिवसांच्या सहलीत वाघ दाखवण्याची हमी देणारी जाहिरात पाहिली. दर इतरांपेक्षा बराच जास्त आहे. विश्वास ठेवावा का? (सिन्नर)

ठेवू नये. सुंदरबनात जीप नाही आणि पायी फिरण्यास परवानगी नाही. निरीक्षण मनोऱ्यांचा कुंपणातला परिसर सोडला तर होडीबाहेर पाऊल टाकता येत नाही. वाघ पाहायचा तो पात्रातून, आणि तोही काठावर आला तरच. भारताच्या बाजूला सुमारे शंभर वाघ आहेत असे २०२२ च्या गणनेतून पुढे आले. ते हजारो चौरस किलोमीटरच्या दाट, चिखलाच्या जंगलात विखुरलेले आहेत. तेथे वर्षानुवर्षे फिरणाऱ्या माणसालाही कित्येक फेऱ्यांत वाघ दिसत नाही. हमी देणाऱ्याने ती वाघाच्या वतीने दिलेली नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

वाघाखेरीज तेथे जे दिसते ते मात्र कमी नाही. सुंदरबनाचा साधारण दोन पंचमांश भाग भारतात आहे, उरलेला बांगलादेशात. आपल्याकडच्या भागात १९७३ साली व्याघ्रप्रकल्प झाला, १९८४ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. नाशिकरोडहून हावडा मेलने जाता येते. पुढे सियालदहहून कॅनिंगपर्यंत लोकल, तेथून रस्त्याने गोदखाली आणि मग होडी. प्रत्येक होडीला वनखात्याची परवानगी आणि नोंदणीकृत मार्गदर्शक लागतो. सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी हे मनोरे बहुतेक सहलींत असतात. सुधन्यखालीच्या मनोऱ्यासमोर गोड्या पाण्याचे तळे असून त्यावर हरणे येतात, आणि क्वचित त्यांच्या मागावर असलेलाही. मी तर तिकडे खंड्यांसाठी जाण्याची शिफारस करीन. आपण गोदाकाठी जो निळ्या पंखांचा, पांढऱ्या छातीचा खंड्या पाहतो त्याची अनेक भावंडे तेथे एकाच दिवसात दिसू शकतात. त्यांतला तपकिरी पंखांचा, केशरी अंगाचा, लालभडक चोचीचा मोठा खंड्या तर आपल्या किनाऱ्यावर मिळत नाही.

दलालाला एवढेच विचारा, की ओहोटीच्या वेळी होडी कोणत्या पात्रात असेल. उत्तर चटकन आले तर तो माणूस कामाचा आहे. हिवाळ्यात ओहोटीला उघड्या पडलेल्या काठावर मगरी ऊन खात पडतात आणि ओल्या गाळात वाघाचे ताजे ठसे उठलेले दिसतात. ते ठसे पाण्यात उतरून पलीकडच्या काठावर पुन्हा वर आलेले असतात, म्हणजे मधले पात्र त्याने पोहून पार केलेले असते. सहा तासांनी ते सगळे पुसले जाते.

प्रश्न : नातवाने रामकुंडावर विचारले, “आजोबा, हे पाणी शेवटी कुठे जाते?” मी “समुद्रात” असे सांगितले, पण त्याचे समाधान झाले नाही. गोदावरीच्या मुखाशीही कांदळवन आहे असे ऐकतो. ते पाहता येते का? (पंचवटी)

या महिन्यातल्या सर्व पत्रांत मला हे पत्र सर्वांत अधिक आवडले, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देतो.

होय, आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी रामकुंडावरून निघून नांदूरमध्यमेश्वरला कादवेला भेटते, पैठणच्या नाथसागरात विसावते, नांदेडवरून तेलंगणात शिरते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला तिच्यावर बंधारा आहे. पहिला बंधारा सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ साली पूर्ण झाला, आणि त्याच्यापुढे नदीच्या शाखा फुटतात. त्यांतल्या गौतमी या शाखेच्या मुखाशी, काकीनाडा शहराजवळ, कोरिंगा वन्यजीव अभयारण्य आहे. ते १९७८ साली घोषित झाले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २३५ चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गौतम ऋषींमुळे नदीला गौतमी म्हणतात. तेच नाव इतक्या लांब, समुद्राच्या तोंडाशी, एका शाखेने अजून राखले आहे, हे नातवाला अवश्य सांगावे.

कांदळवन तेथेच का उगवले, हे त्याला समजावणे अवघड नाही. नदी वाटेत जो गाळ उचलते तो मुखाशी, पाण्याचा वेग मंदावल्यावर, खाली बसतो. रोज दोनदा त्यावरून समुद्राचे खारे पाणी फिरते. अशा खाऱ्या, श्वास कोंडणाऱ्या चिखलात आंबा, वड, बाभूळ यांपैकी कोणीही जगणार नाही. कांदळवनातली झाडे जगतात, कारण त्यांनी मुळेच चिखलाबाहेर काढलेली असतात. तिवराची श्वसनमुळे जमिनीतून पेन्सिली रोवाव्यात तशी शेकड्यांनी वर आलेली असतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. गेल्या शतकात गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणे बांधली गेली तसा मुखाशी पोचणारा गाळ कमी होत गेला, म्हणजे आपल्या गंगापूर धरणापासून खालच्या प्रत्येक भिंतीचा संबंध त्या जंगलाशी आहे. हा भाग नातवासाठी नव्हे, आजोबांसाठी.

कोरिंगात कांदळवनातून जाणारा लाकडी पायमार्ग आहे आणि वनखात्याच्या होड्याही असतात. समुद्र खवळलेला असला की होड्या बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. तेथला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे पाण्यात पंजा घालून, प्रसंगी सूर मारून मासे पकडणारे रानमांजर, ज्याला अभ्यासक फिशिंग कॅट म्हणतात. ते बहुतांशी रात्री हिंडते, त्यामुळे दिवसाच्या फेरीत त्याच्या पावलांच्या खुणांवरच समाधान मानण्याची तयारी ठेवा. पाणमांजरांची टोळी दिसण्याचा संभव त्याहून अधिक. खाडीच्या बाहेर होप बेट नावाचा वाळूचा लांबच लांब दांडा आहे, तो काकीनाड्याच्या उपसागराला लाटांपासून आडोसा देतो. कोरिंगा हे एकेकाळी मोठे बंदर होते. १८३९ सालच्या नोव्हेंबरातल्या वादळाने आणि समुद्राच्या लोंढ्याने ते उद्ध्वस्त केले, आणि पुन्हा त्याला पूर्वीचे दिवस आले नाहीत.

जाण्यासाठी शिर्डीहून थेट काकीनाडा पोर्टपर्यंत जाणारी गाडी आहे; ती कोणत्या वारी सुटते ते आरक्षणाच्या वेळी पाहून घ्यावे. नोव्हेंबर हा तिकडे वादळांचा महिना, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी सोयीचा. आणि एक सुचवतो : निघण्यापूर्वी नातवाला रामकुंडाचे पाणी चाखायला नव्हे, पण नीट पाहायला सांगा, आणि तिकडे गेल्यावर तिवराचे पान जिभेला लावायला सांगा. पानावर मिठाचे कण असतात. झाडाने मुळांतून आत आलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकलेले असते.

प्रश्न : माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स आहे. ऐरोलीच्या फेरीत काढलेले बहुतेक फोटो हलले किंवा पांढरे पडले. मोठी लेन्स आणि ट्रायपॉड घ्यावा का? (सिडको)

ट्रायपॉड घेऊ नका. इंजिन चालू असताना होडीचे फळकुट थरथरत असते आणि तीच थरथर ट्रायपॉडच्या पायांतून कॅमेऱ्यात चढते. त्यापेक्षा कोपर शरीराशी टेकवून हातात कॅमेरा धरणे बरे, किंवा होडीच्या काठावर ठेवण्यासाठी जाड कापडाची पिशवी शिवून घ्या आणि तिच्यात तांदूळ किंवा मूग भरा. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली उतरू देऊ नये. उडणाऱ्या पक्ष्याला १/२०००. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर खुशाल वाढवा, कारण दाणेदार पण स्पष्ट फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही. फोकसचा एकच बिंदू वापरा, नाहीतर कॅमेरा पक्ष्याला सोडून पुढच्या फांदीवर फोकस धरतो.

पांढरे पडण्याचे कारण निराळे आहे. तिवराची पाने गर्द असतात आणि त्यांच्यासमोर बगळा बसला की कॅमेरा त्या अंधाऱ्या पार्श्वभूमीवरून उजेडाचा अंदाज बांधतो, त्यामुळे बगळ्याची पिसे चुन्यासारखी सपाट होतात. अशा वेळी एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्यावे. उघड्या, चकाकणाऱ्या चिखलावर रोहित असेल तर याच्या उलट होते आणि थोडे वर घ्यावे लागते. या दोन गोष्टी साधल्या, तर ७०-३०० ने वर्षभर तक्रार करण्याचे कारण नाही. मोठी लेन्स लांबच्या पक्ष्याला जवळ आणते, पण त्याच्या आणि आपल्या मधली तापलेली, लहरणारी हवासुद्धा जवळ आणते. सकाळी नऊनंतर दूरचे फोटो मऊ येतात ते यामुळे.

खाऱ्या हवेत लेन्स बदलू नका. घरी आल्यावर कॅमेऱ्याचे अंग गोड्या पाण्यात किंचित ओलावलेल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. वातानुकूलित खोलीतून एकदम दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते, म्हणून निघण्याच्या अर्धा तास आधी तो पिशवीसकट बाहेर ठेवावा.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका खाडीत आम्ही सहाजण एका सहल आयोजकामार्फत गेलो होतो. तिथी नवमी होती. पाऊणपट करायला हवी होती, ती कुणीच केली नाही. नवमीची पाऊणपट पावणेसात, म्हणजे भरती सकाळी पावणेसातला होऊन गेलेली, आणि आम्ही निघालो साडेअकराला, उतरत्या पाण्यात. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, निघताना कुरकुरत होता, पण आयोजकाच्या माणसाने त्याला गप्प केले. तासाभरात होडी एका चिंचोळ्या फाट्यात गाळावर बसली ती अडीचपर्यंत. फोनला रेंज नाही, डोक्यावर ऊन, पाणी संपत आलेले. तोपर्यंत मी दूरच्या बगळ्यांवर दोन्ही बॅटऱ्या संपवून बसलो होतो. आणि मग होडीपासून दहा फुटांवर निवट्या वर आल्या. निवटी हा चिखलावर परांनी सरकणारा, डोक्यावर डोळे असलेला मासा. कोकणात तो खातातही. या निवट्यांनी चिखलाचे बोटभर उंचीचे बांध घालून आपापले वाफे आखून घेतले होते. एक शेजारची निवटी बांधावर चढली मात्र, मालकाने पाठीवरचा पर शिडासारखा उभारला, जबडा वासला आणि दोघेही तोंडाला तोंड लावून भिडले. बांधावरून चाललेले भांडण निफाड तालुक्यात पाहिले होते, चिखलात पहिल्यांदाच पाहिले. फोटो एकही नाही. तेव्हापासून तिसरी बॅटरी पिशवीत असते, आणि तांडेल कुरकुरला तर मी त्याच्या बाजूने बोलतो.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला घेऊन जायचे आहे. तिला पोहता येत नाही. सुरक्षित आणि कंटाळा न येणारी जागा सुचवावी. (इंदिरानगर)

वेंगुर्ल्याची मांडवी खाडी. तेथे स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया २०१७ पासून कांदळवन सफर चालवतात. होडी वल्ह्याची असते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पक्षी बिचकत नाहीत आणि लहान मुलांचे प्रश्न ऐकू येतात. वल्हवणारी बाईच झाडांची ओळख करून देते. नाशिकरोडला थांबणारी मंगला एक्सप्रेस पुढे कोकण रेल्वेनेच जाते, तिचे कुडाळ-सावंतवाडीकडचे थांबे पाहून आरक्षण करावे.

जीवरक्षक जाकीट मुलीच्या मापाचे आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या खांद्यांवरून वर सरकते आणि पाण्यात त्याचा उपयोग होत नाही. काठावरच्या झाडांना हात लावू देऊ नका. हुरा नावाच्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

कंटाळ्याची काळजी नको. कांदळाच्या झाडावर शेवग्याच्या शेंगांसारख्या हिरव्या कांड्या लोंबत असतात. त्या शेंगा नव्हेत. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि ती कांडी म्हणजे आईच्या अंगावर वाढलेले रोप असते. ओहोटीला ती सुटली तर खाली चिखलात रुततात आणि भरतीला सुटली तर तरंगत दुसरीकडे जाऊन मूळ धरतात. एवढे सांगून मुलीला अशा तरंगणाऱ्या कांड्या मोजायला सांगा. पांढरी चिप्पी कोणती तेही विचारायला सांगा. २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला आहे.

प्रश्न : मगरी पाहण्यासाठी कोठे व केव्हा जावे? (देवळाली कॅम्प)

ओडिशातले भितरकनिका, डिसेंबर ते फेब्रुवारी. थंडीत मगरी दुपारपर्यंत उन्हात पडून असतात. येथली मगर म्हणजे चिपळूणच्या वाशिष्ठीतली आपली मगर नव्हे. ती खाऱ्या पाण्यातली, पुष्कळ मोठी आणि अधिक आक्रमक जात आहे, तेव्हा होडीबाहेर हात-पाय लोंबकळत ठेवू नयेत. १९७५ साली तेथे डांगमाळला तिच्या संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला आणि १९९८ साली राष्ट्रीय उद्यान झाले. मगरींच्या विणीसाठी १ मे ते ३१ जुलै उद्यान बंद असते, त्या काळातली आरक्षणे घेणाऱ्यापासून सावध राहावे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा छायाचित्रण गट जानेवारीत ठाणे खाडीत जाणार आहे. काही सदस्यांना ड्रोन न्यायचा आहे. होड्यांमुळे पक्ष्यांना त्रास होतो का, याविषयीही आमच्यात मतभेद आहेत. (नाशिकरोड)

ड्रोनविषयी मतभेदाला जागा नाही. अभयारण्यात परवानगीवाचून तो उडवता येत नाही, आणि रोहितांना आकाशातून येणारी घरघरणारी वस्तू गरुडासारखीच वाटते. तो घरी ठेवा.

होड्यांमुळे त्रास होतो का, याचे खरे उत्तर असे की होडी कशी चालवली यावर ते अवलंबून आहे. रोहित दूरवरून उडून येऊन त्या चिखलात पोट भरत असतात आणि त्यांना खाण्यासाठी ओहोटीचे मोजकेच तास मिळतात. थवा एकदा उठवला की त्यातला बराच वेळ वाया जातो. उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे आणि तांडेलाला “जरा आत घ्या” म्हणणारे महाभाग मी पाहिले आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकून जवळ बोलावतात, तोही त्यातलाच प्रकार. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना झाडाबाहेर काढणेही टाळावे.

दुसरी बाजू अशी की ही झाडे आज उभी आहेत त्यामागे कायद्याइतकाच लोकांचा पाठिंबा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडण्यावर आणि त्यावर भराव घालण्यावर बंदी घातली, २०१२ साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, आणि तरीही रात्रीत भराव पडतो तेव्हा तो आधी कळतो खाडीत रोज जाणाऱ्या होडीवाल्यांना आणि कोळ्यांना. ज्याचे पोट सफरीवर चालते तो त्या झाडांची राखण करतो, म्हणून सफरी बंद कराव्यात या मताचा मी नाही.

तुमच्या गटाने एकच पाहावे. चरताना रोहिताचे डोके खाली, चोच उलटी चिखलात असते. होडी जवळ येऊ लागली की आधी कडेच्या दोन-चार पक्ष्यांच्या माना वर होतात, मग हळूहळू सगळ्या, आणि थवा एका दिशेने चालू लागतो. पहिल्या चार माना वर झाल्या की तांडेलाला इंजिन बंद करायला सांगा आणि होडी जागीच राहू द्या. पाणी चढते असेल तर पाच-दहा मिनिटांत माना पुन्हा खाली जातात आणि तेच पक्षी चरत चरत तुमच्याकडे येऊ लागतात. जानेवारीतल्या पौर्णिमेच्या आसपासची सकाळ मिळते का, ते आताच पाहून ठेवा. शनिवार-रविवारच्या फेऱ्या लवकर भरतात.